कर्ज फेडताना आणि दान देताना घराघरांत होणाऱ्या या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात एक गोष्ट कितीतरी घरांत दिसते. बायकांच्या बचत संघातून काढलेल्या कर्जाचा हप्ता भरायला शेजारणीकडून पाचशे रुपये उसने घेतलेले असतात, आणि त्याच आठवड्यात देवळाच्या शिखरासाठी पावतीपुस्तक घेऊन कोणी दारात आलं की पाच हजारांचा आकडा लिहून दिला जातो. याला उधळेपणा म्हणू नये. आपल्याकडची माणसं द्यायला मागं राहत नाहीत. 2019 च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा गावोगावच्या चुलींवर भाकऱ्या भाजून पूरग्रस्तांकडं गेल्या, आणि त्यातल्या बऱ्याच चुली हप्त्याखाली दबलेल्या घरांच्याच होत्या.

पण उसनं घेऊन दिलेली देणगी शेवटी घरातल्या बाईच्या दागिन्यातून आणि पोरांच्या फीतून वसूल होते. म्हणून माझा आग्रह एकच आहे: कर्ज आणि दान एकाच वहीत लिहा, आणि ती वही घरातल्या सगळ्यांना दिसू द्या. खालच्या बहुतेक चुका ही वही नसल्यामुळे होतात.

सगळं कर्ज एका पानावर नसणं

कर्ज किती, असं विचारलं की माणूस बँकेचा आकडा सांगतो. किराणा दुकानातली उधारी, खतवाल्याची बाकी, भिशी आधीच उचलली असेल तर राहिलेले हप्ते, मेव्हण्याचे हातउसने, पिग्मीवर (रोजच्या बचतीवर) काढलेली उचल, गहाण पडलेली बोरमाळ, यातलं काहीच त्यात धरलेलं नसतं. शिवाय नवऱ्यानं सावकाराकडून शेकड्यानं घेतलेले पैसे बायकोला ठाऊक नसतात आणि बायकोचं दुसऱ्या संघातलं कर्ज नवऱ्याला ठाऊक नसतं. दोघंही घरासाठीच लपवत असतात, आणि त्या लपवण्यातच व्याज वाढत जातं.

साधी दोनशे पानी वही आणा. एका पानावर सहा रकाने पाडा: कुणाकडून घेतलं, मूळ रक्कम, आजची बाकी, व्याज, हप्त्याची तारीख, तारण किंवा जामीन. जेवणं झाल्यावर टीव्ही बंद करून सगळ्यांनी बसावं, कॉलेजला जाणाऱ्या मुलांनासुद्धा बसवावं. ज्यानं लपवलं त्याला त्या रात्री बोल लावायचा नाही, हे बसण्याआधीच ठरवून घ्या. पहिल्याच रात्री आरडाओरडा झाला तर पुढं कोणी खरा आकडा सांगणार नाही. त्याच पानावर खाली यंदा दिलेली वर्गणी, देणगी, आहेर हेही लिहा. ती बेरीज बघून पुष्कळ जण गप्प होतात.

एखादं कर्ज नावावर आहे की नाही याची शंका असेल तर सिबिल, क्रिफ हायमार्क, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण क्रेडिट अहवाल फुकट मिळतो. मायक्रो फायनान्स कंपन्यांच्या छोट्या कर्जांसाठी क्रिफ हायमार्कचा अहवाल आवर्जून काढा.

जो ओरडतो त्याला आधी देणं

वसुलीवाला दारात उभा राहतो म्हणून त्याचा हप्ता आधी जातो. व्याजी पैसे देणारा गावातलाच असतो, तो फक्त व्याज मागतो, मुद्दलाचं नाव काढत नाही, म्हणून तो भला वाटतो. हिशेब करून बघा. शेकडा पाचनं घेतलेल्या 40,000 ला महिन्याचं व्याज 2,000. वीस महिन्यांत 40,000 रुपये व्याज भरून होतं आणि मुद्दल जसंच्या तसं उभं राहतं. वर्षाचा दर पडतो 60 टक्के. तेवढेच पैसे बँकेत सोनं ठेवून 12 टक्क्यांनी मिळाले, तर महिन्याचं व्याज 400 रुपये. वाचलेले 1,600 दर महिन्याला मुद्दलात टाकले तर सुमारे दोन वर्षांत दोर सुटतो.

सोनं ठेवायचं झालं तर ते याच कामासाठी ठेवावं, आणि दर महिन्याला थोडं तरी मुद्दल उतरवावं. वर्षाच्या शेवटी नुसतं व्याज भरून तारण नव्यानं करत राहिलं तर ती बोरमाळ घरी येत नाही.

‘फ्लॅट’ दराची गोष्टही समजून घ्या. 50,000 रुपये दोन वर्षांसाठी 12 टक्के फ्लॅटनं घेतले तर हप्ता येतो सुमारे 2,583. मुद्दल दर महिन्याला कमी होतं, व्याज मात्र पहिल्या दिवशीच्या पूर्ण रकमेवर चालू राहतं, त्यामुळे खरा दर 21 टक्क्यांच्या वर जातो. कर्ज घेताना ‘घटत्या शिलकेवर दर किती?’ एवढं विचारा आणि आलेलं उत्तर कागदावर घ्या.

म्हणून क्रम असा लावावा: सगळ्यांचा किमान हप्ता वेळेवर, आणि हातात जास्तीचा जो रुपया येईल तो सगळ्यात महाग कर्जावर. एखादी लहानशी उधारी मनाला टोचत असेल तर ती आधी मिटवायलाही माझी हरकत नाही. किराणावाल्यासमोरून मान वर करून जाता येणं यालाही किंमत आहे.

हप्ता भरायला नवं कर्ज

एका संघाचा हप्ता भरायला दुसरा संघ, दुसऱ्यासाठी तिसरा. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांनुसार वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला विनातारण सूक्ष्म कर्ज देताना सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या 50 टक्क्यांवर जाता कामा नयेत. कर्ज देणारे हे काटेकोर बघतीलच असं धरून चालू नका. वहीतल्या हप्त्यांची बेरीज घरात येणाऱ्या पैशाच्या निम्म्यावर गेली असेल तर नव्या कागदाला हात लावायचा नाही. असं सूक्ष्म कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

आणि एक प्रकार जिवाला लागतो. “वहिनी, तुमच्या नावावर उचला की. अर्धे तुम्हाला, अर्धे मला, हप्ते मी बघते.” 2024 च्या शेवटाला बेळगाव जिल्ह्यात अशा फसवणुकीच्या तक्रारी घेऊन बायका मोठ्या संख्येनं पुढं आल्या. पैसे नेणारी बाई दिसेनाशी झाली आणि हप्ते राहिले सही करणारीच्या नावावर. मागणारी जवळची असेल तर नाही म्हणणं अवघड जातं, हे खरं आहे. पण आपल्या नावावर दुसऱ्यासाठी कर्ज काढणं ही मदत नाही. द्यायचेच असतील तर हातातले दोनशे रुपये द्या.

न वाचता सही

आपल्या भागात कर्जाचे कागद कन्नड किंवा इंग्रजीत येतात, आणि मराठी शाळेत शिकलेली बाई “इथं करा, इथं करा” म्हणतील तिथं सही करत जाते. सूक्ष्म कर्जाचं कार्ड आणि माहितीपत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यायला हवं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मराठीत मागा. नाहीच मिळालं तर कन्नड वाचता येणाऱ्या मुलाला किंवा शेजाऱ्याला बसवून रक्कम, दर, हप्ते, विमा आणि प्रक्रिया शुल्क एवढं तरी वाचून घ्या. कोरा चेक आणि कोरा स्टॅम्प पेपर कुणालाच देऊ नका.

हप्ता थकला म्हणून कुणी रात्री दारात येऊन बसू शकत नाही. सूक्ष्म कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन करायला मनाई आहे, शिवीगाळ आणि धमकीला तर आहेच. फेब्रुवारी 2025 मध्ये कर्नाटक सरकारनं जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला. त्यात 10 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाखांपर्यंत दंड ठेवला. यावरून काही ठिकाणी ‘कर्ज माफ झालं’ अशी हूल उठते. नोंदणी असलेल्या बँकेचं किंवा फायनान्सचं कर्ज यामुळे माफ होत नाही, ते फेडायचंच आहे. त्रास झाला तर आधी त्या संस्थेकडं लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार फुकट करता येते. माहितीसाठी 14448 हा नंबर आहे. पतसंस्थेची तक्रार मात्र सहकार खात्याच्या निबंधकाकडं जाते.

सोसायटीची तारीख हुकणं

कर्नाटकात सहकारी सोसायटीचं अल्पमुदतीचं पीककर्ज 5 लाखांपर्यंत बिनव्याजी मिळतं, पण ते मुदतीत फेडणाऱ्याला. उसाचं बिल आज येईल, उद्या येईल, यात तारीख निघून जाते आणि बिनव्याजी कर्जाला व्याज लागतं. कारखान्यानं 14 दिवसांत बिल द्यायचं असतं, तरी घराचं गणित त्या भरवशावर बांधू नये. मुदतीच्या दोन महिने आधीपासून दूध बिलातून थोडे थोडे बाजूला काढा.

यात्रा आणि लग्न

यावर बोललं की लोकांना वाईट वाटतं, पण बोललंच पाहिजे. बेळगाव तालुक्यातल्या कितीतरी गावांत महालक्ष्मीची यात्रा बऱ्याच वर्षांच्या खंडानं येते. देवी गदगेवर (यात्रेच्या चौथऱ्यावर) बसते, गाव फुलतं, मुंबई-पुण्याला गेलेली माणसं परततात, लेकी माहेरी येतात. हा आनंद हवाच. पण त्यासाठी घराला रंग, सगळ्या पाहुण्यांना मटणाचं जेवण, प्रत्येक लेकीला साडी, आणि हे सगळं यात्रेच्या महिन्यात काढलेल्या कर्जावर! यात्रेचं वर्ष गावाला खूप आधी माहीत असतं. पाच वर्षं महिन्याला 500 बाजूला टाकले तर व्याज सोडून 30,000 होतात. तेवढ्यात बसेल तेवढीच यात्रा करायची, हे भावाभावांनी एकत्र बसून ठरवावं. एकट्यानं ठरवलं तर ‘याचं घर हलकं’ म्हणतात. चार घरांनी मिळून एकच मांडव, एकच स्वयंपाक केला तर बोलणाऱ्यांनाही जेवायला तिथंच यावं लागतं.

लग्नात मानपानाच्या साड्या आणि आहेर हे वहीत ‘येणं’ म्हणून धरू नका. आहेर परत फिरतो, तेही एक प्रकारचं देणंच आहे.

जामीन राहणं

आपल्याकडं नाही म्हणता येत नाही म्हणून सगळ्यात जास्त घरं इथं बुडताना दिसतात. “मामा, नुसती सही करा, तुम्हाला काय रुपया भरायचा नाही.” भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 128 प्रमाणे करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँक आधी कर्जदाराच्या मागं लागून थकली पाहिजे, असं काही नाही. ती थेट जामीनदाराकडं येऊ शकते. म्हणून जामीन राहण्याआधी स्वतःला विचारा: ही सगळी रक्कम आज माझ्या खिशातून देऊन टाकायची वेळ आली तर मी देईन का? उत्तर नाही असेल तर सही करू नका. त्या भाच्याच्या मुलाची एक फी भरा, बियाणं आणून द्या. भाच्याचंही भलं होतं, नातं टिकतं आणि आपलं घरही वाचतं.

आधीच जामीन असाल तर तीही रक्कम वहीत कर्जाच्या बाजूला लिहा आणि सहा महिन्यांनी एकदा बाकी किती ते विचारून घ्या.

देणं एकदम बंद करणं, किंवा उसनं आणून देणं

कर्ज फिटेपर्यंत देवाला रुपया नाही, भिकाऱ्याला भाकरी नाही, असं ठरवणारी घरंही आहेत. त्यांचा निर्धार मी मानतो, पण त्यांच्याशी सहमत नाही. तीन-चार वर्षं हात आखडून ठेवला की तो नंतर सैल होत नाही, आणि पोरांनी घरात देणं बघितलेलंच नसतं. कर्ज असतानाही देता येतं. रक्कम आधी ठरवा: महिन्याला पन्नास, शंभर, जे जमेल ते. डब्यात टाका. दारात पावतीपुस्तक आलं तर त्या डब्यात असेल तेवढंच. “या महिन्याचं एवढंच आहे दादा,” असं सांगायला लाज वाटायचं कारण नाही. पैसा नसेल तर श्रम आहेत. हरिनाम सप्ताहात भाकरी भाजणारे हात, कडोली, येळ्ळूर, उचगावच्या मराठी साहित्य संमेलनात पंगतीला वाढणारी पोरं, यांचं देणं पावतीत मावत नाही, पण कार्यक्रम त्यांच्यावरच उभा असतो.

2024 मध्ये रायबाग तालुक्यातल्या एका आजीनं कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेतून महिन्याला येणारे 2,000 रुपये साठवून गावाला होळीगेचं (पुरणपोळीचं) जेवण घातलं. त्यात मला महत्त्वाचं वाटतं ते एवढंच, की पैसा तिचा होता, साठवलेला होता. कुणाचा हप्ता थकवून ते ताट वाढलेलं नव्हतं.

देताना नावाच्या फलकासाठी आकडा वाढवू नका. ट्रस्टला मोठी रक्कम देणार असाल तर पावती घ्या. देणगीवरची आयकर सवलत (80-जी) जुन्या करपद्धतीतच मिळते, आणि 2,000 च्या वर रोख दिलं तर मिळत नाही.

शेवटचा हप्ता भरून घरी येणं

शेवटच्या हप्त्यानंतर बेबाकी दाखला घ्या, दिलेले चेक परत घ्या, जमिनीच्या उताऱ्यावरचा बोजा उतरवून नवा उतारा काढा. बँकेनं किंवा फायनान्सनं घर-जमिनीची मूळ कागदपत्रं 30 दिवसांत परत द्यायची असतात. त्यांच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते, असा डिसेंबर 2023 पासून नियम आहे. चार-सहा महिन्यांनी क्रेडिट अहवाल पुन्हा काढून खातं बंद दाखवतंय का बघा.

मग सुटलेल्या हप्त्याचं काय करायचं, ते त्याच आठवड्यात वहीत लिहा, नाहीतर शोरूममधली नवी गाडी तो हप्ता नेते. समजा 2,600 मोकळे झाले. त्यातले 1,500 अडीनडीच्या ठेवीत टाका, तीन महिन्यांचा घरखर्च साठेपर्यंत. 800 घरासाठी ठेवा. 300 डब्यात टाका, आणि डब्यातलं कुणाला द्यायचं ते या वेळी पोरांना ठरवू द्या. गावातल्या मराठी शाळेला द्यायचं ठरलं तर आधी बाईंना विचारून घ्या, त्यांना काय हवंय. वह्या पुष्कळ जण देतात, पावसाळ्यात गळणाऱ्या खोलीचे पत्रे कुणी देत नाही.