बाण कुठून बाहेर पडणार, ते आधी बघा

भारतात हरणाची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे आणि ती बंदच राहावी असं माझं ठाम मत आहे. हे लिहितेय ते अमेरिकेत राहणाऱ्या, रीतसर परवाना काढून धनुष्याने शिकार करणाऱ्या किंवा करू पाहणाऱ्या मराठी मंडळींसाठी. मी मिशिगनमध्ये राहते. इथे व्हाइटटेल हरणं भरपूर आहेत. धनुष्याच्या हंगामाचा पहिला टप्पा १ ऑक्टोबरला सुरू होतो, १४ नोव्हेंबरला संपतो आणि १५ तारखेला बंदुकवाले जंगलात उतरतात. १ जानेवारी १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला परवान्यासाठी हंटर सेफ्टीचा कोर्स करावा लागतो. या कोर्समध्ये हरणाचं एक चित्र दाखवतात, छातीवर गोल काढलेला. त्या गोलात बाण मारायचा, एवढंच नवख्याच्या डोक्यात राहतं. माझा सगळा आक्षेप त्या गोलाला आहे.

मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले. शेळीची छाती आणि पोट उघडून कुठला अवयव कुठे बसतो, हे आम्ही हाताने चाचपून शिकलो. व्हाइटटेल हरीण शेळीसारखंच रवंथ करणारं. बरगड्यांच्या तेरा जोड्या, चार कप्प्यांचं पोट, आतली मांडणी जवळजवळ तीच. म्हणून मला हरणाच्या अंगावर गोल दिसत नाही, आतून जाणारी एक रेघ दिसते. बाण या बाजूने शिरला, तर त्या बाजूने कुठून निघेल आणि वाटेत काय काय कापेल? हे उत्तर डोळ्यांसमोर नसेल तर प्रत्यंचा सोडू नका.

आधी बाण मारतो कसा ते समजून घ्या. बंदुकीची गोळी जोराच्या धक्क्यानेही ऊती फाडते. बाणाकडे तो धक्का नाही. ब्रॉडहेडची, म्हणजे बाणाच्या पातीदार टोकाची, पाती कापत जातात, रक्त वाहतं, फुफ्फुसं मिटतात आणि मेंदूचा रक्तपुरवठा थांबतो. मरण लवकर आणि कमी यातनेचं व्हायचं असेल, तर बाण दोन्ही फुफ्फुसांतून, नाहीतर हृदयातून जायला हवा. एकच फुफ्फुस कापलं गेलं तर हरीण दुसऱ्यावर श्वास घेत मैलभर जाऊ शकतं. दोन्ही फुफ्फुसांतून बाण गेलेलं हरीण बहुधा शंभरेक यार्डांच्या आत पडतं. पाती दाढीच्या ब्लेडइतकी धारदार हवीत. सरावाला वापरलेलं ब्रॉडहेड तसंच शिकारीला नेऊ नका, पाती बदला.

आता आतली मांडणी. हृदय छातीत अगदी खाली, पुढच्या पायाच्या कोपराच्या जरासं वर असतं. फुफ्फुसं त्याच्या भोवती, वर आणि मागे पसरलेली. पुढून फऱ्याचं, म्हणजे खांद्याचं चपटं हाड वरच्या अर्ध्या भागाला आडवं येतं. हा फरा सरळ उभा नसतो, वरून खाली येताना पुढे झुकतो. त्याच्या खालच्या टोकापासून दंडाचं हाड उलट मागे, कोपराकडे येतं. म्हणजे आडवा ठेवलेला इंग्रजी व्ही, टोक छातीच्या पुढच्या बाजूला. व्हीच्या दोन भुजांमधली जागा आणि तिच्या लगेच मागची जागा बाणासाठी मोकळी. मटणाच्या दुकानात पुढचा फरा पाहिलाय ना? तसाच तो चपटा असतो, पण त्याचा मधला उंच कणा आणि खालचा सांधा बाणाला अडवू शकतात.

मागची बाजू जास्त फसवी. बरगड्या दिसल्या म्हणजे आत फुफ्फुसच असेल, असं नाही. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा सपाट नसतो, तो घुमटासारखा पुढे फुगलेला असतो. त्यामुळे शेवटच्या काही बरगड्यांच्या आत फुफ्फुसाची नुसती पातळ कड, आणि तिच्या आत पोटाचे अवयव. इथे डावी-उजवी बाजू वेगळी, ही गोष्ट मला शिकारीच्या कोर्समध्ये कोणी सांगितली नाही, कॉलेजात कळली. रवंथाचं मोठं पोट, म्हणजे आपली वजडी, डाव्या बाजूला भरलेलं असतं. कलेजी उजवीकडे सरकलेली. हरणाची डावी बाजू तुमच्याकडे आहे आणि बाण चार-पाच इंच मागे गेला, तर तो वजडीत शिरतो. उजवी बाजू असेल तर बहुधा आधी कलेजीत. दोन्ही जखमा जीवघेण्याच आहेत, पण दोन्हींना तास लागतात, आणि वजडीची जखम त्यातही वाईट.

वरच्या बाजूला आणखी एक गैरसमज असतो. पाठीचा कणा पाठीच्या रेषेला चिकटून असतो असं लोकांना वाटतं. खांद्याजवळच्या मणक्यांचे वरचे काटे लांब असतात, त्यामुळे खरा कणा पाठीच्या कडेपासून बराच खाली येतो. त्याच्या वरून गेलेला बाण नुसतं मांस कापतो. हरीण क्षणभर कोसळतं, उठतं आणि निघून जातं. कण्याखाली आणि फुफ्फुसाच्या वर 'रिकामी जागा' असते, असं बरेच शिकारी सांगतात. अशी जागा नसते, फुफ्फुस कण्याला खालून टेकलेलं असतं. बाण तिथून गेला असं वाटलं तर बहुतेक वेळा तो कण्याच्या वरून गेलेला असतो.

हरीण पूर्ण आडवं उभं असेल, तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेवरून मनात सरळ वर रेघ ओढा. छातीच्या उंचीचा खालून एक तृतीयांश भाग जिथे येतो, तिथे पिन, म्हणजे धनुष्यावरचा नेम धरायचा काटा, ठेवा. बाण जरा वर गेला तर फुफ्फुसांचा मधला भाग, जरा खाली गेला तर हृदय. जवळचा पाय पुढे टाकलेला असेल तर दंडाचं हाडही पुढे जातं आणि जागा मोकळी होते. पाय मागे असेल तर थांबा, चरणारं हरीण पाऊल टाकतंच.

हरीण तुमच्यापासून तिरकं पलीकडे तोंड करून उभं असेल, तर माझ्या मते धनुष्यासाठी याहून चांगली स्थिती नाही. इथे अलीकडच्या पायाच्या मागे नेम धरायची सवय मोडावी लागते. पलीकडचा पुढचा पाय शोधा आणि बाण त्या पायापाशी बाहेर पडेल अशी रेघ मागे आणा. ती रेघ अलीकडच्या अंगावर जिथे येते, तिथे नेम. हरीण जितकं जास्त तिरकं, तितका शिरण्याचा बिंदू मागे सरकतो. मात्र तो शेवटच्या बरगडीच्या मागे जायला लागला की स्थिती संपली, कारण मग बाणाला आधी भरलेली वजडी पार करावी लागते.

तिरकं पण तुमच्याकडे तोंड असेल, तर सोडून द्या. खांद्याचा सांधा वाटेत येतो, आणि तो चुकवला तर बाण एक फुफ्फुस कापून पोटात उतरतो. समोरून किंवा मागून तर नकोच. समोरून मारलेल्या हरणांचे फोटो कोणी दाखवेल, पण तिथे दोन हाडांमधली जागा मुठीएवढी असते.

ट्रीस्टँडवरून, म्हणजे झाडावर बांधलेल्या बैठकीवरून, ही रेघ तिरकी खाली येते. वीस फुटांवर बसलात आणि हरीण अगदी खाली पाच यार्डांवर आलं, तर वरून शिरलेला बाण एकच फुफ्फुस कापून छातीच्या तळाशी निघतो. त्याला पंधरा-वीस यार्ड जाऊ द्या. वरून मारताना शिरण्याचा बिंदू थोडा वर घ्यावा लागतो, म्हणजे बाण पलीकडे छातीच्या खालच्या भागातून निघतो. रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) कोन धरून आडवं अंतर दाखवणारा घ्या. सेफ्टी हार्नेस जमिनीवरच चढवा, वर जाऊन नाही.

आता अंतर. कंपाउंड बोचा (कप्प्या लावलेल्या आधुनिक धनुष्याचा) बाण साधारण सेकंदाला २८० फूट जातो. आवाज सुमारे ११०० फूट. म्हणजे प्रत्यंचेचा आवाज नेहमीच आधी पोचतो. २५ यार्डांवर बाणाला पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो, ४० यार्डांवर त्याच्या दीडपटीहून थोडा जास्त. दचकलेलं हरीण पळण्याआधी पाय दुमडून खाली बसतं, उडी घेण्यासाठी. नुसत्या गुरुत्वाकर्षणाने खाली येणारी वस्तू ०.१ सेकंदात दोन इंच येते आणि ०.२ सेकंदात जवळजवळ आठ इंच. व्हाइटटेलच्या फुफ्फुसांचं लक्ष्य साधारण आठ इंचांचंच असतं. म्हणून लांबच्या बाणाला तुमची अचूकता पुरत नाही, हरीण नेमाच्या खाली निघून जातं. मी २५ यार्डांपलीकडे मारत नाही. शेडमध्ये ५० यार्डांवर बाणाला बाण चिकटवणाऱ्यांनाही मी हेच सांगते.

त्याच कारणासाठी हरणाची मनःस्थिती अंतराइतकीच महत्त्वाची. डोकं खाली, शेपटी सैल हलतेय, कान इकडेतिकडे फिरतायत, तर ठीक. डोकं ताठ वर, दोन्ही कान तुमच्या दिशेला, पुढचा पाय जमिनीवर आपटतंय, तर बाण सोडू नका, कितीही जवळ असलं तरी. चालत्या हरणाला तोंडाने हलकं 'मॅ' करून थांबवतात. ते थांबतं, पण सावधही होतं. म्हणून तो आवाज फक्त जवळच्या हरणासाठी, आणि धनुष्य आधीच पूर्ण ओढलेलं असताना. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात माजावर आलेल्या माद्यांच्या मागे बक, म्हणजे नर, धावत असतात. तेव्हा घाईने बाण सोडायचा मोह सर्वांत जास्त होतो.

सरावासाठी एक सोपी गोष्ट करा. हरणाच्या छातीएवढं पुठ्ठ्याचं खोकं घ्या. आत दोन फुगे फुफ्फुसांच्या जागी टांगा आणि खोकं वेगवेगळ्या कोनांत फिरवून ठेवा. दर वेळी बाण मारण्याआधी पलीकडच्या बाजूचा बिंदू बोटाने दाखवा आणि मगच मारा. दोन्ही फुगे फुटले की नाही, ते लगेच कळतं. आठवडाभर हे केलंत तर जंगलात डोळा आपोआप पलीकडच्या पायाकडे जातो. शिवाय बसून मारा, जाड जॅकेट घालून मारा, आणि सकाळी हात गरम न करता एकच बाण मारून बघा. शिकारीत तोच पहिला बाण मिळतो.

बाण सुटल्यावर धनुष्य खाली करण्याआधी हरीण कुठल्या झाडापाशी दिसेनासं झालं, ते लक्षात ठेवा. ते कसं पळालं हेही बघा. मागचे पाय झाडून वेड्यासारखं पळालं तर बहुधा छातीत लागलंय. पाठ कुबडी करून, सावकाश चालत गेलं तर पोटात. मग खाली उतरून बाण शोधा आणि त्याला हात लावण्याआधी नीट बघा, वास घ्या. ओकच्या पानावर पडलेलं फुफ्फुसाचं रक्त फिकट लाल असतं आणि त्यात बारीक बुडबुडे दिसतात, पान तिरकं केलं तरी ते कडेला टिकून राहतात. कलेजीचं रक्त गडद, काळपट. बाणाच्या पिसांवर हिरवट-तपकिरी चोथा आणि आंबट वास असेल तर वजडी.

बुडबुडे असतील तर अर्धा तास थांबा. कलेजी असेल तर चार ते सहा तास. वजडी असेल तर आठ ते बारा तास, म्हणजे संध्याकाळी मारलं असेल तर सकाळीच. कोल्हे-कायोटी मांस खातील, पाऊस येईल, ही सगळी भीती खरी आहे. तरीही जा म्हणणार नाही. पोटात बाण लागलेलं हरीण न छेडता राहिलं तर दोन-तीनशे यार्डांत बसतं आणि तिथेच मरतं. मागे गेलात तर ते उठतं, आणि मग रक्ताचा थेंबही सापडत नाही. मिशिगनमध्ये पट्ट्याला बांधलेला माग काढणारा कुत्रा वापरता येतो. असा कुत्रा असणाऱ्यांचा नंबर हंगामाआधीच फोनमध्ये ठेवा, आणि रक्ताची वाट तुडवून टाकण्याआधी त्यांना बोलवा.

हरीण साफ करताना घाई करू नका. पोट काढलं की छातीत हात घालण्याआधी आतल्या बाजूने दोन्ही भोकं शोधा. मागून बरगड्या मोजत पुढे या आणि बाण कुठल्या बरगडीपाशी शिरला, कुठल्या बरगडीपाशी निघाला, ते वहीत लिहा. हरीण कोणत्या कोनात उभं होतं, तेही शेजारी लिहा. मग फुफ्फुसं बाहेर काढून टेबलावर पसरा आणि पात्यांनी काय कापलं ते बोटाने तपासा. सोबत कोणी नवखं असेल तर त्याच्या हातात द्या, त्यालाही चाचपू द्या.