नवा पिकअप मागवण्याआधी या चुका टाळा

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज पसंत पडला नाही की पहिला संशय पिकअपवर, म्हणजे तारांखाली बसवलेल्या त्यांचं थरथरणं टिपणाऱ्या भागावर जातो. जुना काढतात, नवा महागडा बसवतात आणि महिन्याभरात तक्रार पुन्हा तीच. बहुतेक वेळा दोष पिकअपची उंची, जोडणी किंवा पुढच्या पॉट (व्हॉल्युम-टोनच्या घुंड्या) आणि केबलमध्ये असतो. ते तपासायला एक स्क्रू-ड्रायव्हर, एक पट्टी आणि साधा मल्टिमीटर पुरतो.

पिकअप हवेतला आवाज ऐकत नाही. त्यातलं चुंबक वरच्या पोलादी तारेला चुंबकत्व देतं. तार हलली की कॉइलमधून, म्हणजे बारीक वायरच्या गुंडाळीतून जाणारं चुंबकीय क्षेत्र कमी-जास्त होतं आणि त्या बदलाच्या वेगाप्रमाणे विद्युतदाब तयार होतो. म्हणूनच ॲकॉस्टिकच्या ब्रॉन्झ तारा इलेक्ट्रिकवर चढवू नका. ब्रॉन्झचं वेष्टण चुंबकाला दिसतच नाही, फक्त आतली पोलादी गाभातार दिसते, आणि जाड तारा दबक्या येतात.

आता सगळ्यात जास्त दिसणारी चूक: पिकअप तारांना जवळजवळ चिकटवणं. जवळ आणला की आवाज वाढतो हे खरं, पण चुंबक तारेला ओढायलाही लागतं. स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात स्ट्रॅट) गिटारच्या पिकअपसारख्या सिंगल कॉइलमध्ये, म्हणजे एकाच गुंडाळीच्या पिकअपमध्ये, चुंबकाच्या कांड्या थेट तारेखालीच असतात, त्यामुळे तिथे हा त्रास जास्त. जाड ई तारेवर बाराव्या फ्रेटच्या (मानेवरच्या आडव्या धातूपट्टीच्या) पुढे वाजवा. एका सुरात दोन सूर थरथरल्यासारखे ऐकू आले आणि सूर लवकर विझला, तर हेच दुखणं आहे. ते इतकं जुनं आहे की त्याला ‘स्ट्रॅटायटिस’ असं नावच पडलंय.

पुढचा प्रवासही ठरलेला असतो. सूर जुळत नाही म्हणून इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर नेमका लागणं) बिघडलं असं ठरतं. सॅडल (तार टेकते तो ब्रिजवरचा सरकता तुकडा) मागे ओढतात, स्प्रिंग पूर्ण दबते, तरी सूर बसत नाही. मग नव्या तारा. मग ट्रस रॉडला (मानेच्या आतल्या धातूच्या कांडीला) पीळ. शेवटी कोणीतरी कानस घेऊन नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा खोल करतं. इतकं झाल्यावर पिकअपचे स्क्रू दोन-दोन वेढे सैल केले की थरथर गायब होते, पण नट मात्र आता बदलावा लागतो. नटला कानस लावायची घाई करणाऱ्यांचा खरोखर राग येतो, कारण घासलेली खाच परत भरून येत नाही.

उंची मोजताना तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि तारेच्या खालच्या कडेपासून पोलच्या (तारेखाली दिसणाऱ्या कांडीच्या किंवा स्क्रूच्या) माथ्यापर्यंतचं अंतर घ्या. साध्या स्ट्रॅट पिकअपला जाड ई खाली 2 मिमी, बारीक ई खाली 1.6 मिमी. व्हिंटेज धाटणीच्या पिकअपला 2.4 आणि 2 मिमी. हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) असेल तर नेकला (मानेजवळच्या पिकअपला) 2.4 आणि ब्रिजला (तारा धडावर टेकतात तिथल्या पिकअपला) 1.6 मिमीपासून सुरुवात करा. नेकपाशी तार जास्त झोका घेते, म्हणून तिथला पिकअप थोडा खालीच ठेवावा. माझी सवय अशी की आधी सगळे पिकअप मुद्दाम खाली न्यायचे, इंटोनेशन तेव्हाच बसवायचं आणि मग पाव-पाव वेढ्याने वर आणत कानाने ठरवायचं.

दुसरी चूक रंगांची. चार वायरींच्या हंबकरला रंगांचा एकच सर्वमान्य नियम नाही. सीमोर डंकन कंपनीच्या पिकअपमध्ये काळी वायर सिग्नलची, लाल आणि पांढरी एकमेकींना जोडायच्या, हिरवी आणि उघडी (वेष्टण नसलेली जादा वायर) ग्राउंडला. डिमार्झिओ कंपनीच्या पिकअपमध्ये लाल सिग्नलची, काळी आणि पांढरी जोडायच्या, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. सीमोर डंकनची आकृती डिमार्झिओला लावली की एक कॉइल उलटी जोडली जाते. 1955 साली गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी ज्या हंबकरच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्याची सगळी करामत इथेच आहे: दोन्ही कॉइल आणि त्यांचे चुंबकीय ध्रुव परस्परविरुद्ध, त्यामुळे तारेचा सिग्नल एकत्र येतो आणि घरातल्या विजेची 50 हर्ट्झची घरघर कटते. एक कॉइल उलटली की घरघर कटण्याऐवजी दुप्पट होते आणि सूर नाकातून आल्यासारखा पातळ होतो. मग लोक पिकअपलाच नावं ठेवतात.

रंग माहीत नसतील तर मल्टिमीटरने आधी वायरींच्या दोन जोड्या शोधा. प्रत्येक जोडी म्हणजे एक कॉइल, साधारण 4 किलोओहम. मग मीटर 200 मिलिव्होल्टवर ठेवून त्या कॉइलच्या पोलवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवा आणि झटक्यात उचला. उचलताना आकडा अधिक बाजूला गेला तर लाल प्रोबवरची वायर ‘अधिक’. पहिल्या कॉइलची ‘उणे’ दुसऱ्या कॉइलच्या ‘अधिक’ला जोडा. पहिलीची ‘अधिक’ सिग्नलला, दुसरीची ‘उणे’ ग्राउंडला. सोल्डर गरम करण्याआधी ही पाच मिनिटं घालवाच.

किलोओहम बघून पिकअप ‘पॉवरफुल’ ठरवणं हीही चूकच. टेलिकास्टर गिटारच्या नेक पिकअपला पारंपरिक पद्धतीने 43 गेजची (गेज म्हणजे वायरच्या जाडीचा क्रमांक), जास्त बारीक वायर वापरतात. आकडा मोठा येतो, आवाज मोठा येत नाही. आवाजाचा रंग ठरवायला कॉइलचं इंडक्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स जास्त महत्त्वाची. 2.4 हेन्रीच्या कॉइलला 3 मीटर केबलसह एकूण 400 पिकोफॅरड मिळाले तर तिचा रेझोनन्स (जिथे आवाज सगळ्यात उठून येतो ती वारंवारता) 5.1 किलोहर्ट्झच्या आसपास येतो. 6 मीटर केबलने ते 700 झाले की तो 3.9 वर उतरतो. आवाज बोथट वाटत असेल तर आधी छोटी केबल लावून बघा.

पॉट: सिंगल कॉइलला 250 किलोओहम, हंबकरला 500. उलट लावले तर सिंगल कॉइल कर्कश, हंबकर मंद.

तांब्याची फॉइल ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येणारी घरघर थांबवत नाही. ती इतर विद्युत गोंगाट कमी करते, एवढीच अपेक्षा ठेवा.

तारांना हात लावल्यावर घरघर कमी होत असेल तर ब्रिजचं ग्राउंड ठीक आहे. हात लावल्यावर वाढत असेल तर जॅकवर (केबल घालायच्या खोबणीवर) सिग्नल आणि ग्राउंड उलटे लागलेत का ते पाहा.

पिकअप उपसून काढू नका. 42 गेजची वायर जेमतेम 0.06 मिमी जाड असते आणि सुरुवातीच्या टोकाला तुटली तर बहुधा पूर्ण कॉइल नव्याने गुंडाळावी लागते. शंका आली तर गिटार न उघडता जॅकमध्ये केबल घाला, व्हॉल्युम पूर्ण ठेवा आणि केबलच्या टोकावर मोजा. 6 किलोओहमचा पिकअप 250 च्या पॉटमुळे 5.86 दाखवेल. आकडा 250 च्या आसपास आला तर एक तर कॉइल तुटली आहे, नाही तर तिची वायर सुटली आहे.