गाडीत वाचत बसलात आणि शेजारचे बोलायला लागले? या चुका टाळा

मुंबई ते पुणे लोहमार्गानं १९२ किलोमीटर. एक्सप्रेस गाडीनं साडेतीन तासांच्या आसपास. या वेळात मला कुणी चहा मागत नाही, कुणी फाइल मागत नाही. गेल्या काही वर्षांतलं माझं बहुतेक वाचन इथंच झालंय. त्यामुळे पुस्तक उघडावं आणि शेजारून "कुठपर्यंत?" असा प्रश्न यावा, की पोटात गोळा यायचा. विचारणाऱ्याचा यात दोष नाही. शेजारी बसलेल्या माणसाची चौकशी करावी, डबा उघडला की आधी त्याच्यापुढे धरावा, ही आपली रीत आहे आणि ती मलाही प्रिय आहे. पण नको असलेल्या गप्पा लांबतात, त्या बहुतेक वेळा आपल्याच वागण्यामुळे.

बोट पानात ठेवून पुस्तक मिटणं

सगळ्यात मोठी चूक ही. प्रश्न आला की आपण हसतो, पुस्तक मिटतो आणि खूण म्हणून बोट आत ठेवतो. आपल्या मनात असतं, आत्ता पुन्हा उघडणारच आहे. समोरच्याला बोट दिसत नाही, मिटलेलं पुस्तक दिसतं.

एकदा ठाणे सुटल्यावर एका काकांनी "काय वाचताय?" विचारलं आणि मी नेमकं हेच केलं. मुलाची नोकरी, सुनेचं बाळंतपण, सोसायटीच्या पुनर्विकासावरून झालेली भांडणं. मी "हं", "हो का", "अरे वा" करत राहिले. कर्जत आलं तेव्हा बोटावर पानाच्या कडेचा वळ उठला होता. घाट चढून लोणावळा जवळ आलं तेव्हा माझा संयम सुटला. "काका, मला वाचू द्याल का जरा?" ते एकदम गप्प झाले. हातातली शेंगदाण्याची पुडी दुमडून खिशात ठेवली आणि पुण्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. मी पुस्तक उघडलं खरं, पण एक ओळ डोक्यात शिरली नाही. तेच वाक्य ठाण्यालाच हसून म्हटलं असतं, तर त्यांना लागलं नसतं.

तेव्हापासून मी पुस्तक मांडीवर उघडंच ठेवते. मान वर करून, त्यांच्याकडे बघून प्रश्नाचं उत्तर देते आणि लगेच सांगते, "काका, मी जरा वाचतेय हं, एवढं पुरं करायचंय." हे पहिल्या दोन मिनिटांत सांगायचं. अर्धा तास 'हं हं' केल्यावर तेच शब्द तोडल्यासारखे ऐकू येतात. "मग बोलू" असं मात्र खरंच बोलायचं असेल तरच म्हणा. मी तर कर्जतची मुदत घालते. बोरघाटात ३७ फुटांमागे १ फूट असा खडा चढ आहे, म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं जोडतात. तेवढ्या थांब्यात वडेवाले खिडकीशी येतात, आणि पुढे बोगद्यांच्या उजेड-अंधारात डोळे तसेही शिणतात. "कर्जतपर्यंत वाचते, मग वडा खाऊ" म्हटलं की आजवर कुणी रागावलेलं नाही. घाटातल्या त्या गप्पा मग मलाही आवडतात.

"आणि तुम्ही?" असं उलट विचारणं

सवयीनं तोंडून जातं. पण वाचायचं असेल तर उलट प्रश्न नको. तो विचारला की त्यांनी सविस्तर सांगायचं आणि आपण ऐकायचं, हे ठरूनच जातं.

खोटी सबब

"परीक्षा आहे" म्हटलं की कुठली, कोणता क्लास, आमचा भाचाही तीच देतोय. एक खोटं सांभाळायला चार प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. वाचायला आवडतं, म्हणून वाचतेय. हे कारण पुरेसं आहे, ते सांगायला संकोचू नका.

आरक्षण करताना जागेचा विचार न करणं

लांबच्या प्रवासात वरचा बर्थ घ्या. एसी डब्यात तिथं वाचायला छोटा दिवाही असतो. खालच्या बर्थवर दिवसा वरच्या प्रवाशांनाही बसायचा हक्क असतो, कारण झोपायची नियमातली वेळ रात्री १० ते सकाळी ६ अशी आहे. आरएसी तिकिटावर बाजूचा खालचा बर्थ दोघांत मिळतो. समोरासमोर, गुडघ्याला गुडघा. तिथं शांततेची अपेक्षा ठेवू नका.

सगळ्यांना एकच माप लावणं

हे विशेषतः बायका-मुलींसाठी. एकटेपणामुळे बोलणारा माणूस आणि हात धुऊन मागे लागलेला माणूस यांतला फरक पहिल्या नकारानंतर कळतो. पहिला थांबतो, दुसरा "एवढं काय वाचताय, बोला की" म्हणत सरकून बसतो. तिथं सौजन्य नको. कुठं उतरणार, कुठं राहता, हे सांगू नका. "आडनाव काय?" या प्रश्नामागची चौकशी आपल्याला माहीत असते. मी नुसतं नाव सांगते, पुन्हा विचारलं तर पुन्हा तेवढंच. तरीही थांबला नाही, तर आवाज चढवा, आजूबाजूच्यांना ऐकू जाऊ द्या, टीसीला सांगून जागा बदला, रेल्वेच्या मदत क्रमांकावर, १३९ला, फोन करा. तमाशा होईल म्हणून गप्प बसू नका.

ऐकूच आलं नाही असं दाखवणं

कानात इअरफोन घालून मान खाली. हाही उपाय मी केला होता. मुंबईला येताना समोरच्या आजोबांनी दोनदा काहीतरी विचारलं. मला वाटलं, झाली सुरुवात. मी मान वर केली नाही. ते ठाण्याला घाईघाईनं उतरायला लागले तेव्हा कळलं, त्यांना कल्याणला उतरायचं होतं आणि ते "कल्याण आलं का?" एवढंच विचारत होते. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात काठी, आणि आता उलट दिशेची लोकल पकडायची. आता मी दोन्ही कानांत इअरफोन घालत नाही. कुणी विचारलं की आधी मान वर करते, स्टेशन सांगते, मग पान शोधते.