अभ्यासिकेच्या वायफायला कुलूप: मॅक यादी आणि रेडियस

लातूरला माझी साठ खुर्च्यांची अभ्यासिका आहे. औसा, अहमदपूर, उदगीरकडची लेकरं इथं नीटचा अभ्यास करतात. वायफायचा पासवर्ड सगळ्यांना एकच होता, तो महिनाभरात गल्लीभर झाला. म्हणून आधी मॅक फिल्टर लावला. मॅक म्हणजे प्रत्येक फोन-लॅपटॉपचा बारा अक्षरांचा ओळखक्रमांक; फिल्टर यादीतल्यांनाच आत घेतो.

राउटरच्या खाली चिकटवलेला पत्ता, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१, ब्राउझरमध्ये टाका. वायरलेसमध्ये मॅक फिल्टरिंग उघडा. आधी स्वतःच्या लॅपटॉपचा मॅक यादीत घाला, मगच ‘फक्त यादीतल्यांना परवानगी’ निवडा. उलटं केलंत तर तुम्हीच बाहेर राहाल, मग केबल लावूनच आत जावं लागेल.

अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासूनचे फोन खरा मॅक न देता बनवलेला देतात. बारा अक्षरांतलं दुसरं २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनवलेला समजा. त्या नेटवर्कच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये ‘डिव्हाइसचा मॅक’ निवडायला लावा. मी हे सांगितलं नव्हतं. एका मुलीनं फोन रीसेट केला, मॅक बदलला आणि फॉर्मच्या शेवटच्या दिवशी तिला नेट लागेना. मी नेमका गावाकडं होतो. ती सायबर कॅफे शोधत फिरली, याचं मला अजून वाईट वाटतं.

शिवाय पासवर्ड असला तरी मॅक हवेतून उघडाच जातो. जाणकार माणूस तो ऐकून आपल्या लॅपटॉपला लावू शकतो. म्हणून यादीला हजेरीपट समजा, कुलूप समजू नका.

कुलूप म्हणजे प्रत्येकाला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. त्यासाठी राउटरमध्ये डब्ल्यूपीए२-एंटरप्राइझ हा पर्याय हवा. नवा राउटर घेताना तो बघूनच घ्या. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून फ्रीरेडियस बसवा. हे नाव-पासवर्ड तपासणाऱ्या रेडियस सर्व्हरचं सॉफ्टवेअर, ते फुकट आहे. लॅपटॉपचा आयपी, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, कायमचा ठरवून द्या. फ्रीरेडियसच्या क्लायंटच्या फाइलमध्ये राउटरचा आयपी आणि एक लांब गुप्त शब्द लिहा. राउटरमध्ये लॅपटॉपचा आयपी, पोर्ट १८१२ आणि तोच गुप्त शब्द भरा. माझा अख्खा रविवार इथंच गेला, शब्दाच्या शेवटी एक स्पेस जास्त पडली होती. अडलात तर फ्रीरेडियस डीबगमध्ये चालवा, नकार कुठं मिळतो ते ओळीओळीनं दिसतं.

मग युजरच्या फाइलमध्ये लेकरामागे नाव-पासवर्डची एक ओळ. फोनवर वायफाय जोडताना पद्धत पीप (PEAP), दुसरा टप्पा एमएसचॅप व्ही२ (MSCHAPv2) निवडा; ही पासवर्ड तपासण्याच्या पद्धतींची नावं. सर्व्हरचं, म्हणजे फ्रीरेडियसच्या लॅपटॉपचं, प्रमाणपत्र (तो खरा असल्याची डिजिटल खूण) प्रत्येक फोनमध्ये स्वतः बसवून द्या. ‘तपासू नका’ हा पर्याय कुणालाही निवडू देऊ नका, नाहीतर त्याच नावाचं खोटं वायफाय उभारून कुणीही पासवर्ड काढू शकतो.

लॅपटॉप आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर ठेवा. लॅपटॉप बंद पडला तर नव्यानं कुणालाच जोडता येत नाही.

मुलगा अभ्यासिका सोडून गेला की त्याची ओळ काढा आणि फ्रीरेडियस परत सुरू करा. तो जोडलेलाच असेल तर राउटरही एकदा बंद-चालू करा.