कोहात वाचकांचे टॅग कसे चालू करायचे

आमच्या कुडाळकडच्या वाचनालयात कोहा आहे, वाचनालयाचा कारभार सांभाळायचं फुकटातलं सॉफ्टवेअर. ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये सिस्टीम प्रेफरन्सेस उघडा, 'टॅग्जएनेबल्ड' शोधून चालू करा आणि त्याच्या जोडीला 'टॅग्जमॉडरेशन' पण लावाच, नाहीतर कोण काय लिहील नेम नाही. मग वाचक लॉगिन करून पुस्तकाला टॅग, म्हणजे ते शोधायला उपयोगी पडतील असे आपले शब्द, देतात आणि ते टूल्समधल्या टॅग्जमध्ये मंजुरीला येऊन पडतात. आमच्याकडे एकाच पुस्तकाला दशावतार, दशवतार आणि धयकालो असे तीन आले, दशवतार उडवला पण धयकालो, म्हणजे दशावताराचंच इथलं नाव, ठेवला, कारण इथली माणसं तेच शोधणार ना!

पुस्तकांच्या शिफारशींसाठी सरळ पब्लिक लिस्ट, म्हणजे सगळ्यांना दिसणारी यादी, बनवा, 'पावसात लाईट गेल्यावर वाचायला' असलं काहीतरी नाव द्या, 'शिफारस यादी' कोण उघडतंय? आणि टॅगची मंजुरी रोजच्या रोज करा.