नॉर्वेत हिवाळी हनिमून? आधी सूर्य कधी उगवतो ते बघा

हिवाळ्यात नॉर्वेला हनिमूनला जायचं म्हणत असाल तर तारखा पक्क्या करायच्या आधी एक गोष्ट बघा, उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सो शहरात साधारण 27 नोव्हेंबर ते 15 जानेवारी सूर्य उगवतच नाही, दुपारी थोडा वेळ निळसर उजेड असतो आणि बास. कुणाकुणाला तेच भारी रोमँटिक वाटतं म्हणा, पण फोटो आणि भटकंती हवी असेल तर सरळ फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्च घ्या, दिवस बऱ्यापैकी मोठा झालेला असतो, बर्फ असतोच आणि नॉर्दर्न लाइट्सचा, म्हणजे रात्री आकाशात दिसणाऱ्या रंगीत प्रकाशाचा, सीझनही चालू असतो. फक्त लाइट्ससाठी एकच रात्र ठेवू नका हां, ढग आले की संपलं, तीन-चार रात्री तरी तिथे काढा. बाकी दिवसांत ऑस्लो ते बर्गन ट्रेन करा, 7 तासांच्या आसपास लागतात पण खिडकीतून नजर हटत नाही, मध्ये मिर्डालला उतरलात तर फ्लामची 20 किमीची रेल्वेही होते. नॉर्वेसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो, उगाच शेवटपर्यंत थांबू नका. आणि हो, थंडीत फोनची बॅटरी झपाट्याने उतरते, तो जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा.