विमानातला बारा दिरहमचा चहा आणि विनिमय दराचा हिशेब

मुंबई, पुणे किंवा गोव्याहून आखाताकडे जाणाऱ्या स्वस्त विमानसेवांमध्ये तिकिटाच्या दरात जेवण असतेच असे नाही. एअर अरेबियाने २००३ साली शारजाहून आणि फ्लायदुबईने २००९ साली दुबईहून उड्डाणे सुरू केली, तेव्हापासून रत्नागिरी-चिपळूणकडच्या कितीतरी कुटुंबांना असा प्रवास सवयीचा झाला आहे. चहा, सँडविच किंवा घरच्यांसाठी अत्तराची बाटली विमानातच विकत घेताना आपण वस्तूची किंमत निरखून पाहतो. मात्र खिशातले रुपये, रियाल किंवा डॉलर कोणत्या दराने दिरहमात, म्हणजे दुबई-शारजाच्या चलनात, मोजले गेले, हे पाहायचे बहुधा राहून जाते. विमानात दुसरे दुकान नसते आणि फोनलाही अनेकदा नेट नसते, म्हणून हा हिशेब जमिनीवर असतानाच तयार ठेवावा.

आखाती चलनांच्या बाबतीत ही तयारी सोपी आहे, कारण त्यांतील बहुतेक चलने अमेरिकी डॉलरशी ठरावीक दराने बांधलेली आहेत. दिरहम १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ या दरावर स्थिर आहे, सौदी रियाल ३.७५ वर आणि कतारी रियाल ३.६४ वर. त्यामुळे या चलनांचे आपापसांतले भावही जवळपास कायम राहतात: एक ओमानी रियाल म्हणजे सुमारे ९.५५ दिरहम, एक बहारीनी दिनार सुमारे ९.७७ दिरहम आणि एक सौदी रियाल सुमारे ०.९८ दिरहम. (कुवेती दिनार अनेक चलनांच्या गटाशी जोडलेला असल्यामुळे तो या हिशेबात बसत नाही.) हे तीन-चार आकडे बोर्डिंग पासच्या मागे लिहून ठेवावेत. रुपयाचा भाव मात्र रोज बदलतो, म्हणून तो फोन एअरप्लेन मोडवर टाकण्यापूर्वी पाहून घ्यावा.

आता मेनूकार्ड हाती घ्या. त्यावर किमती दोन चलनांत छापलेल्या असतील, तर एकीला दुसरीने भागा, म्हणजे विमानकंपनीचा दर आपोआप कळतो. समजा, १५ दिरहमची वस्तू ५ डॉलरला लिहिली आहे. खऱ्या दराने ती ४.०८ डॉलरची होते. म्हणजे डॉलर देणाऱ्याला ती सुमारे २२ टक्के महाग पडते. किंमत पूर्ण आकड्यात बसवण्यासाठी ती बहुधा वरच्या बाजूला नेली जाते, त्यामुळे स्वस्त वस्तूंमध्ये हा फरक अधिक बोचतो. एकाच कार्डावर दोन वस्तूंना दोन वेगळे दर पडलेलेही दिसू शकतात.

रोख पैसे देताना खरा तोटा मोड परत घेताना होतो. परकीय नोट स्वीकारली गेली तरी उरलेले पैसे बहुधा विमानकंपनीच्या स्वतःच्या चलनात परत मिळतात, आणि त्यामुळे कमी दर केवळ वस्तूच्या किमतीला न लागता संपूर्ण नोटेला लागतो. मस्कतहून परतणाऱ्या प्रवाशाने १२ दिरहमच्या चहासाठी २० ओमानी रियालची नोट दिली आणि कंपनीने रियालला ९ दिरहम हा दर लावला, असे धरू. नोटेचे खरे मूल्य १९१ दिरहम, पण ती मोजली गेली १८० ला. चहाचे बारा वजा होऊन १६८ दिरहम हातात येतात, आणि नकळत गेलेले ११ दिरहम म्हणजे जवळजवळ आणखी एका चहाची किंमत! तेच २ रियाल दिले असते, तर तोटा सव्वा दिरहमाच्याही आत राहिला असता. म्हणून परकीय चलनात रोख द्यायचेच असेल, तर किमतीला सर्वांत जवळची लहान नोट द्यावी आणि मोठी नोट मोडण्याचे काम विमानात कधीही करू नये. दुसऱ्या देशाची नाणी विमानात सहसा घेत नाहीत आणि उतरल्यावर चलन बदलून देणारेही ती घेत नाहीत. ती निघण्याच्या विमानतळावरच पाण्याच्या बाटलीवर खर्च करून टाकलेली बरी.

कार्डाचा प्रश्न वेगळा आहे. भारतीय कार्ड ओळखल्यावर यंत्र कधी कधी ‘दिरहम की रुपये’ असा पर्याय दाखवते. ओळखीचे रुपये पाहून बरे वाटते, आणि कर्मचारीही घाईत तेच बटण दाबू शकतो. पण रुपये निवडले की दर ठरवण्याचा अधिकार विक्रेत्याच्या बाजूकडे जातो. सोयीसाठी एका दिरहमला २४ रुपये धरून ३० दिरहमच्या खरेदीचा हिशेब मांडू. मूळ रक्कम ७२० रुपये. आपल्या बँकेचे परकीय चलन शुल्क साडेतीन टक्के असेल, तर त्यावरील १८ टक्के जीएसटी धरून सुमारे ७५० रुपये जातील. शुल्क दोन टक्के असेल, तर ७३७. यंत्रावर रुपये निवडले आणि तिथल्या दरात पाच टक्के वाढ असली, तर ७५६ होतात. शिवाय परदेशी विक्रेत्याला रुपयांत पैसे दिल्याबद्दल अनेक बँका एक टक्का आणि त्यावर जीएसटी लावतात, म्हणजे एकूण ७६५. चहापुरते हे किरकोळ वाटेल, पण ३०० दिरहमच्या अत्तरावर हाच फरक दीडशे ते पावणेतीनशे रुपयांचा होतो. यंत्रावर ‘एईडी’ (म्हणजे दिरहम) हेच निवडावे.

अनेक विमानांतील यंत्रे व्यवहार साठवून ठेवतात आणि उतरल्यावर बँकेकडे पाठवतात. अशा यंत्रावर आधी पैसे भरून घेतलेले फोरेक्स कार्ड किंवा काही डेबिट कार्डे नाकारली जाऊ शकतात, म्हणून सोबत एक क्रेडिट कार्ड असावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार नव्या कार्डांवर परदेशातील वापर मुळात बंद असतो. तो ॲपमधून निघण्यापूर्वी सुरू करावा. खात्यातून जाणारी रक्कमही खरेदीच्या दिवसाच्या दराने नव्हे, तर व्यवहार पुढे पोहोचल्या दिवशीच्या दराने ठरते, त्यामुळे दोन-चार रुपयांचा फरक पडल्यास गोंधळून जाऊ नये.

जेवण घ्यायचेच ठरले असेल, तर ते तिकिटाबरोबर आधी नोंदवणे मला अधिक पटते. भारतातून सुरू होणारे जाण्या-येण्याचे तिकीट एकत्र काढले, तर बहुधा दोन्ही बाजूंचे जेवण रुपयांत मिळते.

पैसे दिल्यावर पावती मागून घ्यावी आणि जागेवर बसूनच तिच्यावरील चलन वाचावे. दिरहम सांगूनही रुपये छापलेले असतील, तर तो व्यवहार रद्द करून पुन्हा दिरहमात करण्याची विनंती कर्मचाऱ्याला लगेच करावी, कारण ते यंत्र त्याच्या हातात असेपर्यंतच हे सहज होते. उतरल्यानंतर त्यासाठी विमानकंपनी आणि बँक या दोघांशी पत्रव्यवहार करावा लागतो.